घरी विचारून सांगते

प्रिय अहो,

हसू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला दुसरी हाक मारली नाही, मग आता पत्रातच नवीन काय मारू? पत्र लिहायचं कारण तुम्हाला आवडेल. विद्यानं परवा फोनवर मला एका कामाबद्दल विचारलं आणि मी सवयीनं बोलून गेले, "घरी विचारून सांगते."

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. घरात मी आणि गॅलरीतली तुमची कोरफड. विद्या म्हणाली, "कुणाला विचारणार? भिंतीला?" तिचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे, कॉलेजपासून तशीच आहे. फोन ठेवला आणि मी खूप रडले. मग वाटलं, तोंडातून गेलंच आहे तर खरंच विचारावं. म्हणून बसले लिहायला.

काम असं आहे. विद्या लोणी काळभोरला मुलींचं वसतिगृह सांभाळते. तिथं रेक्टर हवी आहे. आठवडाभर तिथंच राहायचं आणि शनिवार-रविवार कोथरूडला घरी यायचं. लग्नाआधी मी शाळेत शिकवायचे, अख्खा वर्ग एकटीनं सहलीला न्यायचे, हे तिच्या अजून लक्षात आहे. माझ्या कुठे होतं?

आमचा मैत्रिणींचा घोळका हंपीला निघाला होता ते आठवतं? तेव्हाही मी म्हटलं होतं, "ह्यांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी कळवून टाकलं, "हे नको म्हणाले." तुम्हाला विचारलंच नव्हतं! एवढा प्रवास सोसेल का, परक्या ठिकाणी कसं होईल, याचीच मला धाकधूक होती. पण भित्री म्हणवून घेण्यापेक्षा नवऱ्याच्या धाकातली म्हणवून घेणं सोपं असतं. वर लोक हळहळतातही.

आणि नेमकी विद्याशी तुमची भाजीवाल्यापाशी गाठ पडली. "काय हो, बायकोला चार दिवस सोडवत नाही का?" तुम्ही घरी आलात, पिशवी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "मी कशाकशाला नको म्हटलंय तेवढं सांगून ठेवत जा. बाहेर पंचाईत होते." बस, एवढंच! त्यापेक्षा भांडला असतात तर बरं झालं असतं हो.

पण तुम्हीही काही कमी नव्हतात. "मी कधी अडवलंय तुला?" हे तुमचं लाडकं वाक्य. नाही अडवलंत, कबूल. तुम्ही फक्त म्हणायचात, "जा की. जेवणाचं काय?" या एका प्रश्नानं माझे किती बेत मोडले, याचा पत्ता तरी होता का तुम्हाला? मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा कुकर लावतच होतात ना? मग विचारायचात कशाला? आणि मी तरी "तुमचं तुम्ही बघा" असं एकदा का म्हटलं नाही? म्हटलं असतं तर तुम्ही निमूटपणे बघितलं असतंत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

रविवारी निखिल हिंजवडीहून आला. चहा देता देता त्याला कामाचं सांगितलं. तुमचा लेक कप हातात धरून बघतच राहिला. "आई, सीरियसली? हॉस्टेलची रेक्टर? तुला काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे. म्हणून तर जमेल."

"या वयात कशाला तो त्रास? आणि बाबा असते तर त्यांनी हे कधीच होऊ दिलं नसतं. तुला साधं हंपीलासुद्धा जाऊ दिलं नव्हतं त्यांनी."

अहो, माझ्या पायाखालची जमीनच सरकली! मी जे बाहेर सांगत आले, ते माझ्या पोरानं घरात ऐकून खरं मानलं होतं. तुम्ही गेलात, पण तुमचा नकार मागे राहिला, आणि तो तर तुमचा नव्हताच! तेवढ्यावर गप्प बसले असते तर काम सुटलं असतं, निखिल खूश झाला असता आणि तुम्ही कायमचे वाईट ठरला असतात. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

पण म्हटलं त्याला. "तुझ्या बाबांनी मला कधीच नाही म्हटलं नाही. मी विचारलंच नव्हतं. मी घाबरत होते." जाताना तो म्हणाला, "मग आता घाबरत नाहीस?" म्हटलं, "घाबरते तर! पण आता सांगायला कुणाचं नाव नाही."

मंगळवारी बस बदलत बदलत लोणीला जाऊन आले. अंगणात एक मुलगी कपडे वाळत घालत होती, अमरावतीकडची. कॉलेजच्या नाटकात घेतलंय म्हणाली, पण जाणार नाही, बाबा नाहीच म्हणतील.

"विचारलंस?"

"नाही जी."

मी इतकी मोठ्यानं हसले की ती बिचारी घाबरली! मग तिला म्हटलं, "आधी तुला करायचंय का ते ठरव. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हण. बाबांना मध्ये घालू नकोस. आणि करायचं असेल तर फोन लाव, मी इथं उभी राहते." तिनं लावला. काय झालं ते सांगत नाही, ते तिचं आहे. पण त्यानंतर ऑफिसात जाऊन मी विद्याला हो म्हणून आले.

मला वाटायचं, कुणी अडवणारं नसलं की झालं स्वातंत्र्य. ते तर माझ्याकडे सगळा जन्म होतं, न वापरलेल्या पैठणीसारखं कपाटात. ते वापरायचं काम माझं होतं. तुम्ही ते माझ्यासाठी करू शकला नसतात, आणि निखिलही करू शकणार नाही.

तेव्हा विचारायला बसले होते खरी, पण आता विचारत नाही, कळवते. सोमवारी जाते आहे. कोरफड शेजारच्या वहिनींकडे दिली आहे. आणि जेवणाचं काय म्हणाल, तर तिथं मेस आहे. संसारात पहिल्यांदा ताट आयतं मिळणार आहे मला!

एक शब्द देते. जमलं तर माझं, फसलं तर माझं. यापुढे माझ्या कुठल्याही "नको"वर तुमचं नाव घालणार नाही. पुष्कळ वाईटपणा घेतलात माझ्यासाठी, आता तुम्ही सुटलात.

येते हं.

तुमची,
सुलभा