थांबा, बोलतोय

२ नोव्हेंबर, रविवार

आजचा माझा व्हॉइस मेसेज दोन मिनिटं पाच सेकंदांचा. त्यातले अकरा सेकंद नुसते 'पगार' या शब्दावर! दोन वर्षं झाली, दर रविवारी हाच उद्योग. ग्रुपचं नाव 'थांबा, बोलतोय'. चौसष्ट जण. सगळे माझ्यासारखे, बोलताना अडखळणारे. नियम तीनच. आधी आपलं नाव सांगायचं. अडखळला तरी मेसेज पुसून नवा करायचा नाही. आणि दुसऱ्याचा ऐकताना वेग वाढवायचा नाही.

तिसरा नियम माझा. ग्रुप काढला काशिफनं — कबनूरचा, यंत्रमागावर असतो. त्यानं तो नियम लगेच मान्य केला आणि वर मला ॲडमिन करून टाकलं.

छान वाटतं की! शिरोलीला फौंड्रीत दिवसभर कास्टिंग तपासते, गेज लावून मापं बघते, मान हलवते. तिथं माझं नाव कुणाला लागतच नाही. नुसतं 'मॅडम'. इथं मात्र मी मायाताई. पोरं सल्ला विचारतात, मी दटावते, चेष्टा करते. रविवारी रात्री झोप चांगली लागते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाण्याकडं साखर आणायला गेलते. 'स' आला की गळा बंद. मागं तीन बायका उभ्या. शेवटी गूळ घेऊन आले. आई म्हणाली, गुळाच्या चहाचं भारीच वेड हाय तुला. बरा लागतो तसा. खोटं कशाला बोलू?

६ नोव्हेंबर, गुरुवार

खोटं कशाला बोलू म्हणे! लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय?

माझं नाव माया नाही. संयोगिता आहे.

दोन वर्षांपूर्वी काशिफनं फोनवर नाव विचारलं. स... स... आणि पुढं काहीच नाही. तो बिचारा गप थांबला होता, मलाच दम निघाला नाही. 'माया' म्हणून मोकळी झाले. रिक्षावाल्याला, कुरिअरवाल्याला हेच सांगत आलेय. 'म' कसा सुटा येतो. असला घोळ आमच्यासारखी माणसंच घालणार — स्वतःचं नाव अडकतं म्हणून दुसरंच घ्यायचं!

पण कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. हे चौसष्ट जण कुठं गेले नाहीत. आणि मी दर रविवारी पहिला नियम पाळते. 'मी माया.' एका दमात.

वाईट हे की माया मला आवडते. मागच्या महिन्यात सुपरवायझरला तोंडावर सांगितलं, हा लॉट रिजेक्ट. ते मायानं सांगितलं. संयोगितानं नुसती मान हलवली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

आफशीन म्हणून एक नवीन पोरगी आहे ग्रुपमध्ये, फर्स्ट इयरची. या आठवड्यात तिनं हजेरीला पहिल्यांदा तोंडानं 'हजर' म्हटलं. एरवी हात वर करायची. म्हणाली, "मायाताई, तुम्ही तुमचं नाव कसं धाडकन घेता, ते मी रोज लावून ऐकते." मी फोन पालथा घालून ठेवला.

नाव घ्यावं ते गणपतरावांनी. कसबा बावड्याचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. बाकीचं प्रत्येक वाक्य अडतं, पण सुरुवात ठणठणीत — 'मी गणपतराव!' त्यांचा मेसेज आला की मला स्वतःची लाज वाटते.

आणि आता काशिफनं टाकलंय, पुढच्या रविवारी सगळ्यांनी भेटायचं. टाऊन हॉलची बाग, चार वाजता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताप आला म्हणून कळवावं. 'ताप' बरा म्हणता येतो मला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती शेंगा सोलत बसलेली, सोलतच राहिली. मग म्हणाली, "तुझं नाव आत्यानं पाळण्यात कानात सांगितलं, तवा कुणाला घाई न्हवती. उद्या तरी का असंल?"

जाते. काय होईल ते होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

अकरा जण आले. भडंग, चहा, एका झाडाखाली गोल करून बसलो. काशिफ 'का'वर अडला, सुटला, हसला. गणपतराव नेहमीसारखे ठणठणीत. मग आफशीन. 'आ'वर अडकली ती अडकलीच. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. कुणी तिचा शब्द पुरा केला नाही. भडंगाचा घाससुद्धा कुणी चावला नाही. निघालं एकदाचं नाव, आणि ती माझ्याकडं बघून हसली.

ती तशी बघत असताना 'माया' म्हणायचं? नाही झालं माझ्यानं.

किती वेळ लागला कोण जाणे. मला तरी शाळेच्या तासाएवढा वाटला. संयोगिता.

काशिफनं विचारलं, "मग माया कोण?"

"मीच. घाबरल्यावरची."

आफशीन जरा रुसली, पण बसमध्ये चढताना हात केला तिनं. गणपतरावांनी मात्र चहा अर्धा ठेवला आणि उठून गेले. त्या माणसाला फसवल्याचं फार लागलंय मला.

येताना वाण्याकडं साखर मागितली. बराच वेळ लागला. तो थांबला, मागच्या बायकाही थांबल्या. घरी येऊन साखरेचा चहा केला — गुळाचाच बरा! इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ग्रुप मात्र संध्याकाळभर गप आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बघते तर सात व्हॉइस मेसेज. पहिला गणपतरावांचा, तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यातली अडीच मिनिटं नुसतं ब... ब... आणि मग, 'मी बाळासो.'

गणपतराव थोरल्या भावाचं नाव, म्हणाले. अनोळखी माणसाला चाळीस वर्षं तेच सांगतोय, पोरी.

खाली अजून सहा जणांचे आहेत, सगळे लांबलचक. कामाला उशीर होणार. होऊ दे. वेग वाढवायचा नाही.