भाषण मध्येच अडलं तेव्हा

लाडक्या मम्मा,

डलासला मी मजेत आहे, पोटभर जेवते. तुझी कंबर कशी आहे? खरं सांग.

देशभरातली आपली कृष्णवर्णीय शाळकरी मुलं स्पर्धेला आलीत. कोणी व्हायोलिन वाजवतं, कोणी प्रयोग मांडून बसलंय. मी भाषण मध्येच विसरले. तेवढ्यात एक अनोळखी बाई, चर्चमध्ये तू प्रवचनाला मोठ्यानं साद देतेस ना, तशी मागून म्हणाली, “सावकाश गं पोरी, घाई नाही!” मग अख्खं सभागृह म्हणालं, “बोल, बाळा!” आणि मला सगळं आठवलं.

पदक हुकलं. रडले नाही. म्हणजे, फारशी नाही.

त्या बाईची मुलगी माझ्यानंतरच बोलणार होती, मम्मा! ती अडली, तेव्हा सगळ्यांत आधी मीच ओरडले, “सावकाश गं!” आवाज अगदी तुझा निघाला.

तुझीच,
व्हर्नेटा