डोकी राखलेले कंद

सीडर गॅप, ट्रेलॉनी, जमैका
१४ ऑक्टोबर १९७९

ति. लॅसेल्सदादास,
सा. न. वि. वि.

काल पापांना घरामागे आईशेजारी पुरलं. तुला रजा मिळाली नाही, हे सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या मिस आयना म्हणाल्या, इंग्लंडात माणसं मरतच नसतील, म्हणून सुटीची सोय नाही.

खड्डा खणायला दहाजण आले. जमीन कडक निघाली, तेव्हा म्हणाले, की म्हातारा जन्मभर यामच्या कंदांसाठी माती भुसभुशीत करत राहिला आणि स्वतःची जागा तेवढी विसरला.

इतक्या माणसांच्या जेवणाची काळजी होती. पापांचा पुतण्या क्लिफ्टन दोन पोती याम घेऊन आला. असा पुतण्या सगळ्यांना मिळो, असं पाद्रीबुवा चर्चमध्ये बोलले. मीही दोन फोडी खाल्ल्या. कंद चांगला शिजला होता.

थंडीत जपून राहा. बहिणीची आठवण असू दे.
तुझी,
अल्व्हारीन


बर्मिंगहॅम
२९ ऑक्टोबर १९७९

चि. अल्व्हारीन हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून फार रडलो. कंद चांगला शिजला म्हणजे तू रांधला नव्हतास. तुझ्या हातचा याम एकतर दगड, नाहीतर खीर.

क्लिफ्टन हिरा आहे. जमीन त्याच्याच नावे करावी, असं मला वाटतं. तू शाळेत शिकवणारी, कुदळ थोडीच धरणार? वकिलाचा कागद सोबत आहे. माझी सही केली आहे, तुझीही लागेल.

माया आहे तशी ठेव.
तुझा,
दादा


सीडर गॅप
११ नोव्हेंबर १९७९

ति. दादास,
सा. न. वि. वि.

कागद मिळाला. सही करण्याआधी काल शेत पाहून आले.

याम लावलेले मातीचे चाळीसेक उंचवटे उघडून कंद कापून नेले आहेत. पण प्रत्येक ठिकाणी कंदाचं डोकं वेलासकट परत पुरलेलं आहे, पुढचं पीक त्यातूनच यावं म्हणून. मिस आयना म्हणाल्या, चोर इतका सज्जन कधीपासून झाला? आपल्याकडचा चोर सगळंच उपटून नेतो. पुढचं वर्ष काही त्याच्या बापाचं नसतं.

मी माती उकरून पाहिली. डोक्यावर मूठभर सुकं गवत दाबलेलं होतं. तसं गवत पापाच घालायचे, आणि त्यांनी ते तिघांनाच शिकवलं: तुला, मला आणि क्लिफ्टनला. नवी मुळं चांगली दोन महिन्यांची आहेत.

म्हणजे पापा अंथरुणावर होते तेव्हाच. रोज संध्याकाळी ते क्लिफ्टनला विचारायचे, की कंद कसे आहेत. तो पलंगावर बसून सांगायचा, काका, तुमची वाट बघतायत. त्याच्या नखांत माती असायची. पापा तोच हात धरून बसायचे.

त्या पोत्यांतलं मी खाल्लं. मीठ हवं का, असंही त्यालाच विचारलं.

सही केलेली नाही. काय करायचं ते कळव.
तुझी,
अल्व्हारीन


बर्मिंगहॅम
२५ नोव्हेंबर १९७९

चि. अल्व्हारीन हिस,
अ. उ. आ.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये, पापा आजारी पडल्यावर, मीच क्लिफ्टनला लिहिलं होतं, की पापांच्या माघारी जमीन तुझीच समज. त्यानं जरा लवकर समजली, एवढंच. गावात बोभाटा करू नकोस. रक्ताचं माणूस आहे. सही करून टाक.

राग धरू नकोस.
तुझा,
दादा


सीडर गॅप
९ डिसेंबर १९७९

ति. दादास,
सा. न. वि. वि.

कागद सही न करता परत पाठवते आहे. जमीन मी सोडणार नाही. पुढच्या आठवड्यापासून मिस आयनांचा भाऊ माझ्यासोबत अर्धेलीनं शेत करेल.

मी गावात कुणाला काही बोलले नाही. क्लिफ्टन आपणच आला. टोपी काढून कुंपणाशी उभा राहिला आणि म्हणाला, की ताई, डोकी ठेवली ना मी? चोर कधी ठेवतो का? मी म्हटलं, चोर असतास तर माफ केलं असतं. तो म्हणाला, मग दादांना विचार, आणि तुझं ऑगस्टचं पत्र माझ्यासमोर धरलं.

ते मी पूर्ण वाचलं. पापा काही सप्टेंबर काढत नाहीत, असं तुझ्या अक्षरात आहे. ते चार ऑक्टोबरला गेले. चार दिवस जास्त जगले, त्याबद्दल त्यांच्या वतीनं तुम्हा दोघांची क्षमा मागते.

इतकंच.
अल्व्हारीन