जाता-जाता मारलेले प्यादे

ब्राह्मणपारा, रायपूर
दि. ९ ऑगस्ट २००१

श्रीयुत विनायकराव यांच्या चरणी,

गुडघ्यांच्या असहकारामुळे साष्टांगापैकी सहाच अंगांनी घातलेला नमस्कार स्वीकारावा. उर्वरित दोन अंगे वैद्यांच्या स्वाधीन आहेत. आपला रक्तदाब, पद्मिनीताईंचा मधुमेह आणि भोपाळच्या अंगणातले आपले लिंबाचे झाड, तिन्ही नियंत्रणात असतील अशी आशा करतो. चार वर्षांनी साडूचे पत्र आलेले पाहून आत काही मागणी आहे का, म्हणून आपण प्रथम लिफाफा उजेडात धरला असेल. तसे काही नाही. हे पत्र केवळ क्षेमकुशलार्थ आहे.

इकडील वर्तमान असे. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे निघून रायपूर राजधानी झाल्यापासून आम्ही जागचे न हलता राजधानीत राहू लागलो आहोत. जुन्या इस्पितळात मंत्रालय भरते. जिथे हाडांना प्लास्टर चढत असे तिथे आता फायलींना फीत चढते, आणि दोहोंना सुटायला लागणारा काळ साधारण सारखाच. (दूधवालाही परवा म्हणाला, "बाबूजी, अब तो राजधानी का दूध है." पाणी पूर्वीइतकेच होते.) या वैभवात न्यून एकच. कर्मचाऱ्यांच्या वाटणीत मी भोपाळच्या वाट्याला गेलो असून याच महिन्याच्या अखेरीस तिथे रुजू व्हायचे आहे. कन्या श्रावणीचे बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष, इंदूची बालवाडीतली नोकरी, आणि भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या पूर्वजांपासून आमच्यातल्या कोणीही न सोडलेला हा पारा, म्हणजे मोहल्ला. तात्पर्य, मी एकटाच जाणार आणि पन्नाशीनंतर प्रथमच स्वतःचा भात स्वतः करपवणार.

हे घडले कसे, ते लिहिताना लेखणी संकोचते. दोहोंपैकी कोणते राज्य हवे ते विचारणाऱ्या विकल्प-पत्रात 'भोपाळ' असे मीच लिहिले होते. आपण हसण्यापूर्वी कारणमीमांसा ऐकावी. सत्तावीस वर्षांच्या सेवेतून मी असा सिद्धांत काढला होता, की खात्याकडे जे मागावे त्याच्या विपरीत मिळते. मे महिन्यात रजा मागितली तर ती ऑगस्टात मंजूर होते. खिडकीजवळचे टेबल मागितले तर जिन्याखालचे मिळते. बुद्धिबळाच्या प्रारंभांवरील माझा व्यासंग आपण जाणताच. त्या शास्त्रात गॅम्बिट नामक एक प्रकार आहे: आपणहून एक प्यादे पुढे करावे, प्रतिपक्ष एक तर संशयाने ते सोडतो, नाही तर घेऊन फसतो. मी भोपाळ पुढे केले. खात्याने ते घेतले, आणि फसले मात्र नाही. आदेशात "कर्मचाऱ्याच्या इच्छेनुसार" असे शब्द आहेत. माझी इच्छा विचारात घेतली जाण्याचा सेवाकाळातील हा पहिलाच प्रसंग.

इंदूने आदेश दोनदा वाचला. "काहून लिवलं तुम्ही भोपाळ? कोणी हात पिरगाळला होता काय?" मी गॅम्बिटचे तत्त्व विशद केले. ती म्हणाली, "त्या प्याद्याले घरी बायको-पोट्टी नसते." श्रावणी (जी मराठी समजते, पण सांत्वन हिंदीतच करते) म्हणाली, "पापा, सरकार शतरंज नहीं खेल रही थी. वो सिर्फ़ फॉर्म पढ़ रही थी." या वाक्यावर मी तीन दिवस चिंतन करीत आहे.

यायोगे प्रारंभांवरील माझ्या श्रद्धेला तडा गेला, असे मात्र समजू नये. तो शामरावांनी पूर्वीच पाडला होता. शामराव म्हणजे बूढापाऱ्यात तलावासमोर राहणारे निवृत्त रेल्वे गार्ड, वीस वर्षांपासूनचे माझे रविवारचे प्रतिस्पर्धी. स्पॅनिश प्रारंभाच्या चौदा चाली मला मुखोद्गत आहेत. शामराव दुसऱ्याच चालीला कोपऱ्यातले प्यादे एक घर सरकवतात. ग्रंथात याला उत्तर नाही, कारण असे कोणी करील हे ग्रंथकर्त्यांच्या स्वप्नातही आले नसावे. "काय पंडितजी, पान उडालं काय पुस्तकाचं?" असे विचारून ते सुपारी कातरू लागतात, आणि मी अकराव्या चालीपर्यंत अनाथ होतो. गेल्या रविवारी मी त्यांना भोपाळची वार्ता सांगितली. चाल त्यांची होती. माझा हत्ती फुकट पडला होता. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "तिकडं खेळाले कोणी भेटते काय तुले?" या वेळी 'पंडितजी' असे म्हणाले नाहीत. तो डाव मी जिंकलो, आणि जिंकून इतके वाईट मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

प्रारंभ पाठ करणाऱ्या माणसाची अडचण अशी, की डाव जिथून खरोखर स्वतःचा होतो, तिथून पुढे त्याच्याजवळ काहीच नसते. नोकरी, विवाह, गृहस्थाश्रम, या सर्वांचे प्रारंभ मी निर्दोष खेळलो. पुढच्या चाली बहुतेक इंदूने केल्या आणि मी त्या माझ्या म्हणून सांगितल्या.

आता विषय निघालाच आहे, म्हणून त्या डावाविषयी. इंदूच्या धाकट्या भावाच्या लग्नात, सीमांतपूजन आणि पंगत यांमधल्या मोकळ्या वेळी आपण खेळावयास बसलो. आपण देशी पद्धतीचे, प्यादे एकेक घर चालवणारे. माझ्या आग्रहास्तव प्रथम चालीला दोन घरांची मुभा आपण मान्य केलीत. आपले प्यादे दोन घरे उडी घेऊन माझ्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसले. ते एकच घर चालले असे मानून मी ते तिरके मारले. अशा प्याद्याला जाता-जाता मारण्याचा नियम जगन्मान्य आहे. आपण म्हणालात, "हा नियम आहे की पाकीटमारी?" पट उलटला, वजीर मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला आणि आपण न जेवता स्टेशनवर गेलात. तेव्हापासून दोन सख्ख्या बहिणी आपापल्या नवऱ्यांना चोरून एकमेकींना फोन करतात. असो. नियम तो नियम. त्या मुद्द्यावर मी आजही तसूभर हललेलो नाही, एवढे सविनय नमूद करून प्रकरण मिटवतो.

लोभ वाढवण्याचा आग्रह नाही. होता तेवढा परत मिळाला तरी पुरे.

आपला साडू,
श्यामकांत

ता. क. : सहज आठवले. आपण विकल्पात भोपाळ लिहूनही आपले नाव रायपूरच्या यादीत आले, असे ऐकतो. (म्हणजे माझा सिद्धांत खरा होता, केवळ व्यक्ती चुकली.) आपले खाते एक, श्रेणी एक. आपसी अदलाबदलीचा अर्ज दोघांच्या सहीने वीस तारखेपर्यंत करता येतो. तो सोबत आहे. माझी सही झाली आहे. आपली कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे.

ता. क. २ : लिफाफ्यासाठी इंदूकडे खळ मागितली, तेव्हा तिने विचारले, "कोणाले लिहून राहिले एवढं?" सांगितले. ती म्हणाली, "अदलाबदलीच्या अर्जावर जिजाजींची सही तर सोमवारीच झाली. ताईनं कुरिअर बी केलं." माझी सही तिने श्रावणीच्या फीच्या कागदांत घालून आधीच घेतली होती, मी न वाचता सही करतो, हे तिला ठाऊक आहे. तेव्हा सोबतचा अर्ज काढून घेतला आहे. आपण सही करताना काय म्हणालात, असे मी विचारले. "काही नाही म्हणाले. चष्मा मागितला अन् केली."

ता. क. ३ : आता मला आपल्याकडून काहीच नको आहे, म्हणून हे लिहिता येते. जाता-जाता मारण्याचा हक्क लगेचच्याच चालीपुरता असतो. आपल्या उडीनंतर मी आधी घोड्याचा शह दिला होता, आपण राजा हलवलात, आणि त्यानंतर मी ते प्यादे मारले. तोवर हक्क संपला होता. हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथात वाचले आणि चार वर्षे कोणास सांगितले नाही. प्यादे आपले होते. चूक माझी होती, आणि आपण उपाशी गेलात.

हे आत्ताच इंदूला वाचून दाखवले. "अन् म्या चार वर्षं ताईले चोरून फोन केले, ते ह्याच्यासाठी?" मी हो म्हणालो. पत्र टपालात टाकायला ती स्वतः निघाली आहे. माझ्यावर तिचा विश्वास नाही.