नादारी न घेता केलेली निरवानिरव

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज मी दाखल करणार नाही. सही न केलेला अर्ज वकीलबाईंनी काल संध्याकाळी माझ्याकडून परत नेला. घराच्या विक्रीचे पैसे खात्यात जमा झाले की जामीनदाराला मोकळे करणारे पत्र देऊ, असे बँकेच्या कर्ज विभागातल्या साहेबांनी आज सकाळी त्यांना फोनवर सांगितले. मी ते लेखी मागितले आहे. तोंडी शब्दावर आमचे काय झाले ते पुढे येईलच.

तेव्हा मी, धंदा गणवेश शिवण्याचा, वय अडुसष्ट, पती हयात नाहीत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. तिचे ऑपरेशन येत्या आठवड्यात ठरले आहे आणि त्यातून मी उठेनच असे कोणी छातीठोक सांगत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ज्यांनी सल्ला दिला, त्यांनी याच्या विरुद्धच दिला. याआधी मी मृत्युपत्र केले नाही, कारण देण्यासारखे होते तेव्हा घाई वाटली नाही.

कलम पहिले, कर्जाबद्दल. माझ्यामागे जे निघेल त्यातून आधी बँकेचे देणे भागवावे, मग कटिंग मास्तरांचा थकलेला पगार, आणि मग उरले तर बाकीचे. हे कर्ज ऐषारामाचे नाही, एवढे नातवंडांना कळावे म्हणून लिहिते. आमच्या ह्यांचा धंद्यातला नियम होता, शब्द आला की कात्री. इस्पितळाच्या खरेदी विभागातून फोन यायचा, यंदाही तोच हिरवा, की त्याच दुपारी टेबलावर कापडाचे थर पडायचे. कागदी ऑर्डर हातात यायची तेव्हा निम्मे कटिंग उरकलेले असायचे. त्यामुळेच नव्या नर्सेसना कामाच्या पहिल्या दिवशी गणवेश अंगावर घालायला मिळायचा, आणि त्यामुळेच इतकी वर्षे ते काम दुसऱ्या कोणाकडे गेले नाही. हे गेल्यावर मीही नियम मोडला नाही. फोन आला, मी कर्ज काढून कापड उचलले, आणि आम्ही सगळे थर कापून काढले. कागद मात्र आलाच नाही. चौकशी केली तर इस्पितळाने रंग बदलून निळा केला होता आणि काम तयार कपड्यांच्या कंपनीला दिले होते. गिरणी न कापलेले थान परत घेते. कापलेल्या बाह्या आणि कॉलर कोणी परत घेत नाही. मग पहिले कर्ज फेडायला दुसरे काढले. पुढचे ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांना सांगायला नको.

माझे ऑपरेशनही त्याच इस्पितळात आहे. शुद्ध असेल तोवर निळ्या गणवेशाची शिलाई जवळून बघून घेईन.

फोन करणारे गृहस्थ नंतर निवृत्त झाले. त्यांना मी माफ केलेले नाही. ते भेटायला आलेच तर चहा द्यावा, पण बसायचा आग्रह करू नये.

कलम दुसरे, जामीनदाराबद्दल. माझे धाकटे दीर पतसंस्थेत रोखपाल आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघणाऱ्या या माणसाने माझ्या कर्जाच्या कागदावर न वाचता सही केली. बँकेत खुर्ची रिकामी होती, तरी बसलेसुद्धा नाहीत. "वहिनी, कुठे करायची तेवढं बोट ठेवा," एवढेच म्हणाले. माझी जाऊ सोबत होती. बाहेर पायरीवर तिने मला गाठले आणि म्हणाली, "सही ह्यांची असेल, पण छप्पर माझंही आहे, जाऊबाई." ते मला इतके झोंबले की पुढे आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतेच बोललो. तिचे म्हणणे बरोबर होते असे आज लिहून ठेवते. रस्त्यावर चारचौघांत म्हणायला नको होते, हेही लिहून ठेवते.

कलम तिसरे, नादारीबद्दल. मी अर्ज का करत नाही हे माझ्या मुलीला पुन्हा एकदा सांगायचे आहे, कारण फोनवर ती पूर्ण ऐकून घेत नाही. वकीलबाईंचा पहिला काळा कोट मीच शिवला होता, म्हणून त्यांनी फी घेतली नाही आणि समजावण्यात कसूरही केली नाही. त्या म्हणाल्या, नादारी मंजूर झाली तर तुमचे कर्ज पुसले जाईल. राहते घरही कायद्याने बहुतेक वाचेल. मी विचारले, आणि भाऊजी? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जामीनदार पुसला जात नाही, मावशी. तुम्ही सुटलात की बँक त्यांच्या दारात उभी."

मग भाऊजींनीही नादारी घ्यावी, असे मुलीने सुचवले. नादार माणसाला रोखपालाच्या खुर्चीवर कोणी ठेवत नाही. घर वाचवायचे तर नोकरी जाते आणि नोकरी वाचवायची तर घर. माझ्या मुलीला हे सगळे कळते. तिला न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणाली, मोठमोठे कारखानदार हात वर करतात आणि वर मिरवतात, तू काय हरिश्चंद्राची धाकटी बहीण? मी हसले. तिथे माझे चुकले, कारण ती हसत नव्हती. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "काकांचं राहावं म्हणून माझं विकतेस, आई."

ती नवरा आणि दोन मुलांसह भाड्याच्या दीड खोलीत राहते. गेल्या वर्षी माझ्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची मापे घेऊन गेली होती, पडद्यांसाठी. मी टेप धरली होती. तिचे म्हणणे खोटे नाही. फक्त भाऊजींनी ती सही माझ्याकडे बघून केली होती, आणि मी जिवंत असताना त्यांच्या दाराला बँकेची नोटीस चिकटलेली मला बघवणार नाही.

कलम चौथे, घराबद्दल. खाली दुकान आणि वर दोन खोल्या असलेले हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते समोरच्या बेकरीवाल्यांना विकण्याचा करार झाला असून त्यांनी इसार दिला आहे. खरेदीखताआधी माझे बरेवाईट झाले तर या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंनी व्यवहार पुरा करावा आणि रक्कम थेट बँकेत भरावी. बेकरीवाल्यांनी मागच्या भिंतीला ओल आहे म्हणून भाव पाडला. ती ओल त्यांच्याच टाकीची आहे. आता टाकीही त्यांची आणि भिंतही त्यांचीच, तेव्हा आपापसात काय ते बघून घ्यावे.

कलम पाचवे, हत्यारे आणि माल. मोटारीवरची मशिने कारागिरांच्या मजुरीपोटी गेली. कटिंगचे टेबल, मोठी कात्री आणि कापलेल्या हिरव्या कापडाचे सगळे गठ्ठे कटिंग मास्तरांना द्यावेत. त्यांनी त्याच्या उशांच्या खोळी करायचे म्हटले आहे. गावाला पुरून उरतील इतक्या उशा होतील, पण निदान कोणी तरी त्यांवर झोपेल. पायाचे काळे शिलाई मशीन माझ्या मुलीला. ती त्यावरच शिकली आणि तिच्या डाव्या तर्जनीतून सुई आरपार गेली तीही त्यावरच. तेव्हा ती रडली नाही. फ्रॉकला रक्त लागले म्हणून मलाच ओरडली. शिल्लक तिच्या नावावर करावी असे लिहिले असते, पण शिल्लक नाही.

कलम सहावे. माझ्यामागे कसलाही खर्च करू नये. उधारीवर तर मुळीच नाही.

साक्षीदारांबद्दल. या कागदावर सोमवारी सकाळी अकरा वाजता कटिंगच्या खोलीत, दोन साक्षीदारांसमोर सह्या होतील. एक आमच्या गल्लीतले डॉक्टर, दुसरे शेजारचे चष्मेवाले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याला दिलेले रद्द होते, असे वकीलबाईंनी सांगितले. हे मी मुलीला परवा सहज फोनवर सांगितले. त्यावर ती म्हणाली,

"मग चष्मेवाल्या काकांना कशाला त्रास? साक्षीदार मीच होते."

रागाने म्हणाली की कसे, ते मला आवाजावरून कळले नाही. मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. काल वकीलबाईंना तिने कळवले की सोमवारी रजा टाकली आहे आणि ती येते आहे. कशासाठी, ते तिने त्यांनाही सांगितले नाही.

म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची ओळ मी मोकळी ठेवली आहे. चष्मेवाले शेजारी त्यांच्या दुकानातच असतील, हाक मारली की येतील. मुलगी माझ्या शेजारी बसली तर त्यांना हाक मारू. ती टेबलापलीकडे बसली आणि तिने पेन मागितले, तर मी देईन. तसे झाले तर तिच्या नावचे मशीन कोणाला जावे, ते मी लिहिलेले नाही.

लिहून देणार: गणवेश शिवणारी, माझी सही सोमवारी.

साक्षीदार पहिला: डॉक्टर, येणार हे नक्की.

साक्षीदार दुसरा:

स्थळ: दुकानामागची कटिंगची खोली.
तारीख: सोमवारची, सही करताना घालावी.