हाताळणी शुल्क

६ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

जिना, सहा दारं, नऊ खिडक्या, ओट्याखालचे कप्पे, माळा, आईची आरामखुर्ची आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल. या घरात एवढं मी माझ्या हातांनी केलं, कुठल्या शाळेत न शिकता. आणि काल नव्या बँकेने धाडलेला मूल्यमापक आला, घरातल्या एकमेव विकतच्या वस्तूवर, म्हणजे सोफ्यावर बसला, चहा प्यायला, गुडघा दुखतो म्हणून वर गेलाच नाही आणि फी लावून गेला साडेतीन हजार. वरचा मजला म्हणे अंदाजाने धरला. मी अंदाजाने कपाट केलं तर गिऱ्हाईक मला दारात तरी उभं करील का?

कर्ज हलवतोय ते कशासाठी, तुला ठाऊक आहे. मला पगारपत्रक नाही म्हणून जुन्या बँकेने तेव्हा तुझ्या नर्सच्या पगारावर माझं कर्ज टांगलं. आता त्यावर तुझं नाव आहे तोवर तुला स्वतःच्या फ्लॅटसाठी कोणी दारात घेत नाही. नवी बँक माझ्या एकट्याच्या नावावर द्यायला तयार आहे, पण सगळी फी धरून सत्तावीस हजार! त्यात पाच हजार 'कागदपत्र हाताळणी शुल्क'. कागद मी पिशवीतून नेणार, झेरॉक्स मी काढणार, मग हे हाताळणार काय? तिथल्या टायवाल्याला म्हटलं, मी कोटेशनमध्ये बिजागऱ्या आणि स्क्रूसुद्धा वेगळे दाखवतो, तुम्ही प्रत्येक फीचं काम लिहून द्या. तो म्हणाला, सिस्टीममध्ये असंच येतं. म्हटलं, मग सिस्टीमलाच बाहेर बोलवा, मी तिच्याशी बोलतो.

बाकी क्षेम. लोभ आहेच, त्यावर व्याज लावू नकोस.

तुझा
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून ड्युटीवरच्या सगळ्याजणी हसल्या. सहा दारं मोजलीस, पण बाथरूमचं दार ढकलायचं की ओढायचं हे पाहुण्यांना अजून कळत नाही, ते बरं लिहिलं नाहीस!

काल जुन्या बँकेच्या मॅडमचा फोन आला. जाऊ नका म्हणाल्या. व्याज नव्या बँकेपेक्षा अर्धा टक्का कमी करतो, फी एक पैसा नाही, फक्त माझं नाव राहायला हवं. मी हो म्हणून टाकलं. घरमालक ही राहती जागा मलाच विकायला तयार आहे आणि महिनाअखेरपर्यंत थांबतोय, हे खरं. पण जागा काय, दुसरी भाड्याने मिळेल. आजवर सहा बदलल्या, ही सातवी. तू उगाच टायवाल्याशी भांडत बसू नकोस. नाक जरा खाली घे आणि सही कर.

वहिनीला नमस्कार. रागावशील तेव्हाही माया असू दे.

तुझी
छोटी

२३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद, आणि रागसुद्धा.

तुझा 'हो' मी जाऊन परत घेतला. अकरा वर्षं एक हप्ता चुकवला नाही, तेव्हा या लोकांना अर्धा टक्का आठवला नाही. निघालो म्हणताच ड्रॉवरमधून बाहेर आला. म्हणजे इतकी वर्षं घेत होते ते कशाचं? वर मॅडम विचारतात, बहिणीचं नाव राहिलं तर तुमचं काय जातं? मी विचारलं, तुमचं नाव कोणाच्या कर्जावर आहे? बाई फाईल चाळायला लागल्या.

टायवाला शेवटी वाकला. बँक उघडली की मी त्याच्या टेबलासमोर हजर, पिशवी मांडीवर. हाताळणी शुल्क गेलं, प्रक्रिया शुल्क अर्धं झालं, उरले पंधरा हजार भरले. पावतीवर छापलंय, 'ग्राहकास विशेष सवलत'. न केलेल्या कामाचे पैसे न घेणं, याला हे सवलत म्हणतात! असल्या माणसांना मी रंधा मारायलाही ठेवणार नाही.

तुझं नाव काढल्याचा दाखला सोबत आहे. सोमवारी तुझ्या बँकेत दे आणि फीचा प्रत्येक आकडा कशाचा ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. नव्या घराची दारं दुसऱ्या कोणाला सांगितलीस तर याद राख. आणि बाथरूमचं दार ढकलायचं असतं.

माया आहे तिथेच आहे, हलवलेली नाही.

तुझा
दादा

ता. क. विचारशीलच, म्हणून एकदाच लिहितो. जुन्या बँकेने कागद टाईप करून समोर ठेवला होता. व्याज अर्धा टक्का कमी, फी शून्य, तुझं नाव कायम. मी नाही म्हटलं. मॅडमनी कॅल्क्युलेटरवर माझं नुकसान काढून दाखवलं, चौपन्न हजार आठशे.