आत्याचं वर्णन आणि सहा मिनिटांचा धडा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? कुरकुरत असतील तर तू अजून जिने चढतेस, आणि गप्प असतील तर डॉक्टरांचं ऐकतेस. दुसरी शक्यता मी धरतच नाही. इकडे सगळं ठीक. तुझी भाचेसून तर फारच मजेत आहे, कारण गेले सहा आठवडे मला तिच्या स्वयंपाकात लक्ष घालायला सवड नाही.

सवड नसण्याचं कारण असं, की शाळेने सातवीचा गणिताचा वर्ग ऑनलाइन करायचं ठरवलंय. ऑनलाइन धडे बनवण्याचा कोर्स मी पास झालो तर वर्ग माझा. नाहीतर तो कॉम्प्युटरच्या मास्तरकडे जाणार. पोरगा गुणी आहे, पण मुलांना 'यूजर' म्हणतो. अठ्ठावीस वर्षं शिकवलेली सातवी अशी हातची कशी जाऊ देऊ? म्हणून बावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झालो. आणि विद्यार्थी म्हणून मी कसा आहे ते ऐक: दिलेली पानं न उघडताच 'वाचलं' असं बटण दाबतो, आणि मुदत उलटली की वीज गेली होती म्हणून कळवतो. (गेली नव्हती.) याच सबबीवर मी किती पोरांना वर्गाबाहेर उभं केलं असेल, ते आता मोजवत नाही.

आमच्या कोर्सवाल्या बाई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, पण धाक असा की मी घरात एकटा असूनही त्यांचा संदेश उभ्याने वाचतो. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, एक धडा रेकॉर्ड करून पाठवा. मला वाटलं, त्यात काय, डाव्या हाताचा मळ. बाहेरच्या खोलीत फळा टांगला, फोन इस्त्रीच्या टेबलावर टेकवला आणि चाळीस मिनिटं अपूर्णांकांचा भागाकार असा काही शिकवला की स्वतःवरच खूश झालो. मग तो पाहिला. चाळीसपैकी एकतीस मिनिटं माझी पाठ दिसते. मध्येच मी रिकाम्या सोफ्याकडे बोट रोखून शेवटच्या बाकाला दम भरतो. दर थोड्या वेळाने "समजलं?" असं विचारतो, थांबतो, शाब्बास म्हणतो आणि पुढे जातो. बाईंनी एवढंच लिहून पाठवलं, की शाब्बास कोणाला? दोन दिवस मी नुसता धुमसत होतो. (तिसऱ्या दिवशी वाटलं, वर्गात तरी उत्तर कोण देत होतं?) मग चाळीस मिनिटांची सहा करायचा हुकूम आला. त्यात माझे वर्षानुवर्षं जपलेले तीन विनोद गेले, आणि त्यांच्यावाचून भागाकाराचं काही अडलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, धडा सगळ्यांसाठी म्हणून बनवू नका. विषय न येणारा एक खरा माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्याचं वर्णन लिहा. आयत्या वेळी मला तूच आठवलीस. लिहिलं ते असं: वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते, फोनवर बटण दिसलं की दाबते आणि मग फोनलाच रागावते, सूचना वाचत नाही, कारण लिहिणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं याची खात्री आहे, जेवणानंतर समोर कोणीही बोलत असो, चौथ्या मिनिटाला डुलकी, अपूर्णांक अजिबात येत नाहीत. (हे शेवटचं ठोकून दिलं. म्हटलं, विचारतंय कोण.) बाईंनी ते कोर्समधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. नर्सना शिकवणाऱ्या एक बाई आमच्यात आहेत, त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. रागावू नकोस, कारण तू डोळ्यांपुढे आल्यावर धडा खरंच सुधारला. अक्षरं मोठी झाली, बटणं कमी झाली आणि डुलकीच्या आत एक प्रश्न आला.

बाकी तुला भेटायची फार इच्छा आहे, पण तुझ्या वर्णनाची प्रत तुझ्या हाती पडण्याआधी नाही आणि पडल्यानंतर तर नाहीच.

तुझा भाचा
(अजून तरी सातवीचा मास्तर)

ता. क. : कोर्सचा शेवटचा नियम परवा कळला. ज्याचं वर्णन लिहिलं, त्यानेच बाईंसमोर बसून धडा करायचा, आणि मी चकार शब्द काढायचा नाही. येत्या गुरुवारी चार वाजता पडद्यावर ये. तेवढा अर्धा तास, कृपा करून, तुला अपूर्णांक येत नाहीत.

ता. क. २ : वरचं रद्द. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेल्या बाईला हे सोंग साधायचं नाही. खरी गोष्ट सांगतो. पाऊण मीटरमधून पाव मीटरचे तुकडे किती निघतात, हे मला शाळेने नव्हे, तू कापड पसरून दाखवलंस. तेच उदाहरण मी धड्यात घातलंय. तरी वीस मुलांना फोनवर पाठवला तर चौदाजणांनी मध्येच बंद केला. का, ते मला कळत नाही, कारण त्यांचे चेहरे मला दिसत नाहीत. मला समजलेलं नाही, हे तू शिलाई मशीनवरून मान वर न करता ओळखायचीस आणि एवढंच म्हणायचीस, की पुन्हा मापून बघ. तेव्हा गुरुवारी सोंग नको. माझं कुठे चुकतंय ते सरळ सांग. वर्ग गेला तर गेला.

ता. क. ३ : फक्त सांगण्याआधी बाई पडद्यावरून गेल्या आहेत, एवढी खात्री करून घे.